हातवरबाई

आमच्या थोरल्या जाऊबाईंचं खरं नाव गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं. सगळे त्यांना हातवरबाई म्हणायचे. पोस्टमनसुद्धा दारात उभा राहून विचारायचा, "हातवरबाईंचं दुकान हेच ना?" आणि जाऊबाई आतून ओरडायच्या, "हेच. पाय पुसून या."

दुकान काचेचं. खिडकीच्या काचा, दाराच्या, फोटोवरच्या, टेबलावरच्या. काच कापायच्या जाऊबाई आणि ती बसवायला जायचे माझे थोरले दीर, आमचे भाऊजी. नवं गिऱ्हाईक यायचं, पुरुष बघून भाऊजींना माप सांगायचं, आणि भाऊजी मान वळवून तेच माप बायकोला सांगायचे. गिऱ्हाईक गोंधळायचं. भाऊजी म्हणायचे, "मी फक्त पुट्टी लावतो हो. अक्कल आत बसलीय."

धंदा जाऊबाईंच्या वडिलांचा. लग्न होऊन आल्या तेव्हा माहेराहून काय आणलं असं कुणीतरी खवचटपणे विचारलं, तर म्हणाल्या, "एक कटर आणि एक नियम." कटर म्हणजे काचेवर रेघ ओढायचं हत्यार, पेनएवढं, टोकाला बारीक चाक. आणि नियम असा की पडणारी काच पडू द्यायची. हातातून सुटो, लाकडी घोडीवरून घसरो, ती धरायला जायचं नाही. दोन्ही हात वर आणि पाऊल मागं. फुटली तर फुटली. काच दुसरी कापता येते, हात कापून मिळत नाही.

"माणसाच्या डोक्याच्या आधी हात धावतो," त्या म्हणायच्या. "त्या मेल्याला आधीच पढवून ठेवावं लागतं." त्यांच्या वडिलांच्या डाव्या पंजाला अंगठा आणि एक बोट, एवढंच उरलेलं होतं. त्यामुळे वाद घालायला जागा नव्हती.

हे पढवणं दुकानापुरतं राहिलं असतं तर ठीक होतं. पण जाऊबाई घरातसुद्धा काही निसटलं की "हात वर!" म्हणून अशा ओरडायच्या की शेजारच्या घरातले हात वर जायचे. कप निसटला, हात वर. दुधाचं भांडं कललं, हात वर, दूध जमिनीवर. एकदा माझे मामा आले होते, माझ्या हातून बशी सुटली. आम्ही सगळ्यांनी सवयीनं हात वर केले. मामांनी दरोडेखोर कुठाय म्हणून दाराकडे पाहिलं आणि मुकाट्यानं स्वतःचेही हात वर केले. पुढं पुष्कळ दिवस ते आमच्याकडे फिरकले नाहीत. आमच्या घरात कपबश्या कधी टिकल्या नाहीत. बोटं मात्र सगळ्यांची जागच्या जागी राहिली.

रविवारी आम्ही चर्चला जायचो. आधीचे पाळक म्हातारे होते. प्रेमाचं सांगायचे, क्षमेचं सांगायचे, आणि आम्ही मान डोलवता डोलवता डुलक्या काढायचो. मग नवे पाळक आले. वय कोवळं, आवाज मोठा. ह्या लोकांना जुना करार नीट ऐकवायचा असं त्यांनी मनावर घेतलं आणि आमच्या डुलक्या कायमच्या उडाल्या.

एका रविवारी लोटाची बायको. जळत्या गावातून पळताना मागं वळून पाहू नका असं देवानं बजावलं होतं, हिनं पाहिलं, आणि उभ्या उभ्या मिठाचा खांब. मला घामच फुटला. मी तर घरातून निघाले की कडी लागली का बघायला तीनतीनदा वळते. दुसऱ्या रविवारी मोशे. वाळवंटात लोक तहानलेले, खडकाशी नुसतं बोल, पाणी येईल, असं देवानं सांगितलं होतं. ह्यानं वैतागून काठी हाणली, दोनदा. पाणी आलं, पण म्हाताऱ्याला वचनाच्या देशात पाऊल ठेवू दिलं नाही, लांबच्या डोंगरावरून नुसता दाखवला. इतकी वर्षं ती किरकिरी माणसं सांभाळली, आणि एका काठीपायी!

"दोनदा मारली ना?" जाऊबाई माझ्या कानात कुजबुजल्या. "एका रेघेवर दोनदा कटर फिरवला की काच वाकडीच जाते."

आणि मग उज्जाचा रविवार आला.

देवाच्या आज्ञा ठेवलेली सोन्यानं मढवलेली एक पेटी होती, तिला कराराचा कोश म्हणतात. दावीद राजा ती आपल्या नगरात आणायला निघाला. पेटी बैलगाडीवर, गाजावाजा, गाणीबजावणी. वाटेत बैल अडखळले, पेटी कलली. गाडीबरोबर उज्जा नावाचा माणूस चालला होता. त्यानं पेटी पडू नये म्हणून हात पुढं केला. पेटीला हात लावायची मनाई होती. उज्जा तिथल्या तिथं मेला.

चोरी नाही, चहाडी नाही, पडणारी वस्तू धरली म्हणून मरण! बाहेर पडताना माणसं एकमेकांकडे बघत नव्हती. भाऊजींचा चेहरा पांढराफटक पडला होता.

जाऊबाई मात्र तरातरा पुढं चालल्या होत्या.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पडू द्यायची होती."

"काय बरोबर आहे?" भाऊजी जागच्या जागी थांबले. भर रस्त्यात, मागच्या सायकलवाल्यानं घंटी वाजवली तरी हलले नाहीत. "अगं, तो वाचवायला गेला होता!"

"तेच तर. मूर्ख होता. कुणी शिकवलेलं नव्हतं त्याला."

"त्याच्या मनात वाईट काही नव्हतं गं."

"काचेला मनातलं कळत नाही."

"काच!" भाऊजी म्हणाले. मी त्यांचा आवाज एवढा चढलेला कधी ऐकला नव्हता. "परमेश्वर काय काच आहे?"

जाऊबाई पुन्हा तरातरा चालायला लागल्या. जेवताना एकदम म्हणाल्या, "तरीपण मूर्खच," आणि पाण्याचा पेला जरा जोरात ठेवला.

त्याच सुमारास चर्चची वेदीमागची मोठी खिडकी वादळात फुटली होती. तिथं फळ्या ठोकल्या होत्या, आणि भरदिवसा आत दिवे लावावे लागायचे. जाऊबाईंनी शब्द दिला की एकसंध काच बसवून देते, जोड नाही, पट्टी नाही. एवढी मोठी काच त्यांनी आयुष्यात कापली नव्हती. कापायच्या दिवशी दुकानाचं दार लावून घेतलं आणि आम्हाला श्वाससुद्धा हळू घ्यायला लावला. रेघ नीट पडली की कटरचा आवाज रेशीम फाडल्यासारखा एकसारखा येतो. मध्ये जरा थांबला की समजायचं, गेली. त्या दिवशी आवाज टोकापर्यंत एकसारखा आला. मग त्यांनी काच टेबलाच्या कडेवर घेतली, दाबली, टक्क झालं, आणि त्या खुर्चीवर मटकन बसल्या. "धाकटे," मला म्हणाल्या, "आता मेले तरी चालेल." आम्ही हसलो.

न्यायच्या दिवशी सकाळी त्यांनी बजावलं होतं. काच उभीच न्यायची. पट्टे लावून, माणसांनी उचलून, पावलाला पाऊल मिळवून. उभी काच स्वतःचं वजन पेलते, आडवी स्वतःच्याच वजनानं मोडते. त्या मागच्या खोलीत वरच्या झरोक्यांच्या लहान काचा कापत होत्या. "एवढ्या संपवून हात धुऊन येते. तोवर कुणी तिला हलवायचं नाही."

तेवढ्यात चर्चची माणसं आली. प्रेमानं आली, ते मी आजही म्हणेन. चर्चला कुणीतरी नवी कोरी हातगाडी दिली होती, हिरव्या रंगाची, रबरी चाकांची. तिच्यावर त्यांनी बाकांवरच्या साऱ्या गाद्या काढून अंथरल्या होत्या. गाणारी मंडळी पुढं उभी, पाळक घामाघूम होऊन हसतायत.

"काका, ह्या वयात खांद्यावर कशाला ओझं? बघा कशी मऊ बिछायत केलीय."

भाऊजींनी एकदा "उभी न्यायची असते हो" म्हणून पाहिलं. पण त्यांच्या जिभेला नाही म्हणायचं वळणच नव्हतं. चारचौघांनी आग्रह केला की ते विरघळायचे. त्यांनी मागच्या दाराकडे एकदा पाहिलं आणि काचेला हात घातला. त्या माणसांनी काच आजारी माणसासारखी गादीवर निजवली, गाण्याला सुरुवात झाली आणि गाडी निघाली. भाऊजी पुढं, दांडा धरून.

ऐकायला मोठं गोड वाटत होतं. बायका खिडक्यांत आल्या होत्या.

गाण्याचा आवाज ऐकून जाऊबाई बाहेर आल्या. हात ओलेच होते. समोरचं दृश्य पाहून त्यांच्या तोंडाचा नुसता आ झाला. गाडी कोपऱ्यावरच्या गटारापाशी पोचली होती, तिथं झाकणाची कड मोडलेली. जाऊबाई धावल्या. तेवढ्यात चाक त्या खड्ड्यात गेलं, गाडी मागं कलली आणि ती काच गाद्यांवरून पाण्यासारखी सरकायला लागली.

"हात वर!"

त्यांचाच आवाज. आणि काय सांगू, सगळा रस्ता त्यांनी पढवलेला होता. गाणारे, ढकलणारे, खिडकीतल्या बायका, भाऊजी, पाळकसाहेब, सगळ्यांचे हात वर गेले. मी दुकानाच्या दारात होते, माझेही गेले. एवढ्या माणसांत दोनच हात वर गेले नाहीत. ते पुढं गेले होते. ते जाऊबाईंचे होते.

गाणं मधल्याच शब्दावर तुटलं. काच फुटल्याचा आवाज मी आयुष्यभर ऐकत आले, पण तसा पुन्हा ऐकला नाही. जाऊबाई उभ्या होत्या आणि आपल्या उजव्या हाताकडे अशा बघत होत्या की जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. मनगटापासून कोपरापर्यंत. पुढचं मी लिहीत नाही.

भाऊजींनी अंगातला शर्ट काढून आवळून बांधला. इस्पितळ लांब नव्हतं. जाऊबाईंना त्याच गाडीवर, त्याच गाद्यांवर निजवलं आणि मघाशी गाणारी माणसं गाडी ढकलत पळत सुटली. मी बाजूनं धावत होते. जाऊबाईंचे डोळे उघडे होते.

"गाद्या बाकी मऊ आहेत गं," त्या म्हणाल्या. आणि मग लहान पोरीसारख्या भेदरलेल्या आवाजात, "धाकटे, माझे हात वर गेले नाहीत. मीच ओरडले. मीच ओरडले आणि माझेच गेले नाहीत."

जीव वाचला. डॉक्टरीणबाई सरळ बोलणाऱ्या होत्या. "हात राहील. तीन बोटं वळणार नाहीत. कटर ह्या हातात धरता येणार नाही," असं त्यांनी जाऊबाईंच्या तोंडावर सांगितलं. जाऊबाईंनी नुसतं "बरं" म्हटलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

बाहेर गल्लीत वेगळीच कुजबूज सुरू झाली होती. देवाच्या घरची काच, हात लावला, बघा. आणि तिनं त्या उज्जाला मूर्ख म्हटलं होतं म्हणे. ऐकून माझ्या अंगाची लाही झाली. मी नळावर म्हटलं, "चर्च झाडणारी बाई वेदी रोज फडक्यानं पुसते. ती कशी धडधाकट आहे ते तिलाच विचारा." बायका गप्प झाल्या. पण रात्रभर माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. खरं सांगते, मीही घाबरले होते.

भाऊजी खाटेशेजारी बसून असायचे. बोलत नव्हते, खात नव्हते. मांडीवर पवित्र शास्त्र, आणि उघडलेलं पान नेहमी तेच, उज्जाचं. एका दुपारी मी चहा घेऊन गेले तर ते हळू आवाजात वाचत होते आणि जाऊबाई भिंतीकडे तोंड करून ऐकत होत्या.

"गाडी नवी होती," भाऊजी म्हणाले.

"कुठली?"

"ह्यातली. तसं लिहिलंय. नवी कोरी गाडी. आणि पुढं सगळे वाजवत गात चालले होते."

जाऊबाईंनी कूस वळवली. मी चहा हातातच धरून उभी राहिले.

"ओळीखाली बारीक आकडा आहे, दुसरं पान बघा म्हणून. मी बघितलं." भाऊजींनी पानं मागं उलटली. "ती पेटी गाडीवर ठेवायचीच नव्हती. फार आधीच सांगून ठेवलं होतं. तिला दांडे होते. माणसांनी खांद्यावर वाहायची होती."

"खांद्यावर?"

"खांद्यावर. उज्जानं हात लावायच्या आधीच सगळं चुकलं होतं."

जाऊबाई उठून बसल्या. "मग गाडीवर कुणी ठेवली?"

"सगळ्यांनी. राजानं, लोकांनी. चांगलं दिसेल म्हणून." त्यांनी ओळीवर बोट ठेवलं. "उज्जाचा भाऊ होता. अह्यो. तो गाडीच्या पुढं चालत होता."

"त्याचं काय झालं?"

"काही लिहिलेलं नाही."

"काहीच नाही?"

"नाही. उज्जा मेला. अह्योचं पुढं काहीच नाही." आणि तो एवढा मोठा माणूस, पांढऱ्या केसांचा, पुस्तक मिटून खाटेच्या कडेवर डोकं टेकून रडायला लागला. "गाडी मी काढली. तू नको म्हणाली होतीस. पुढं मी होतो. आणि हात तुझा गेला."

मला वाटलं, जाऊबाई त्यांच्या डोक्यावर डावा हात ठेवतील. तो वर उचललाही होता. पण त्यांनी तो परत मांडीवर ठेवला. त्या थक्क होऊन समोर बघत होत्या.

"हा अन्याय आहे," त्या म्हणाल्या.

दारात पाळकसाहेब उभे होते. कधी आले होते कोण जाणे. रोज यायचे आणि बाहेरूनच परत जायचे, असं नर्सनं मला नंतर सांगितलं.

"या आत," जाऊबाई म्हणाल्या. "तुम्ही आम्हाला गाडीचं सांगितलं नव्हतं."

"नाही सांगितलं, काकू. हात लावला आणि मेला, एवढंच सांगितलं. ते ऐकून लोक दचकतात. मला तेच हवं होतं." त्यांचा मोठा आवाज पार खाली गेला होता. "आणि मग मीच गाडी घेऊन आलो. मी ते वाचलेलं होतं. गाडी आणताना डोक्यातसुद्धा आलं नाही."

"आज्ञा सगळ्यांनी मोडली आणि मरायचं एकट्या उज्जानं?"

"ह्याला माझ्याजवळ उत्तर नाही."

"पुस्तकात आहे?"

"पुस्तकात असं आहे की दावीद राजाला राग आला. देवाचाच राग आला. आणि भीतीही वाटली. मी पेटी नेत नाही म्हणाला. वाटेत ओबेद-अदोम नावाच्या माणसाच्या घरी ती ठेवली आणि निघून गेला. तीन महिने तिकडे फिरकला नाही."

जाऊबाईंनी भुवया वर चढवल्या. "देवावर रागावला? मग त्याला काय झालं?"

"काही नाही."

"मेला नाही?"

"नाही. त्या ओबेद-अदोमाच्या घराचं तर उलट भलंच झालं. मग तीन महिन्यांनी राजा परत आला आणि पेटी खांद्यावरून घेऊन गेला."

चहा थंड झाला होता. मग जाऊबाई एकेक शब्द मोजून म्हणाल्या, "मग ठरलं. आजपासून तीन महिने मी रागावलेय. तुमच्यावर, ह्यांच्यावर आणि वर. चर्चला यायची नाही. प्रार्थना करा म्हणून कुणी माझ्या घरी यायचं नाही."

"चालेल," पाळक म्हणाले.

"माझ्यावर पण?" भाऊजींनी डोकं वर केलं.

"तुमच्यावर आधी."

आणि ते त्यांनी पाळलं. घरी आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात त्या दुकानात जाऊन बसल्या आणि डाव्या हातात कटर धरला. मोडक्या काचांचे तुकडे घ्यायचे आणि रेघा ओढायच्या. आवाज तुटायचा, रेघ सापासारखी जायची. भाऊजी समोर बसून पट्टी धरायचे. दिवसभरात दोघांत तीन शब्द व्हायचे. "धरा." "दाबा." "सोडा." एकदा भाऊजी न राहवून म्हणाले, "आज रेघ बरी आलीय." तर जाऊबाई मला म्हणाल्या, "धाकटे, पट्टीला सांग, पट्टी बोलत नसते."

रविवारी आम्ही सगळे चर्चला जायचो आणि त्या दुकान उघडायच्या. खिडकीवर फळ्या तशाच होत्या. पाळकांनी दुसऱ्या काचवाल्याला बोलवायला साफ नकार दिला होता. "काकूंचा शब्द आहे," म्हणाले, "थांबू." प्रवचनं आता कमी दचकवणारी होती. पाळक मध्येच थांबायचे, ओळीखालचे आकडे बघायचे.

मुदत भरत आली तेव्हा एका सकाळी दुकानातून रेशीम फाटल्यासारखा आवाज आला, टोकापर्यंत, न तुटता. मी हातातलं काम टाकून धावले. जाऊबाई टेबलावर डावा तळवा टेकून उभ्या होत्या, घामानं डबडबलेल्या. समोर मोठी काच. पहिलीएवढीच.

ह्या खेपेस गाडी नव्हती. काच उभी, पट्टे लावलेली, पट्टे माणसांच्या खांद्यावर. गाणारी मंडळी आली होती. जाऊबाई म्हणाल्या, "गाणं आत गेल्यावर. आता तोंडं बंद, पाय बघा." भाऊजी पुढच्या कडेला होते आणि जाऊबाई मागून चालत होत्या, उजवा हात पदरात गुंडाळलेला. कोपऱ्यावरच्या गटारापाशी सगळे आपोआप थांबले. भाऊजींनी वळून मागं पाहिलं, बायकोकडे.

"पुढं बघा," जाऊबाई म्हणाल्या. "मागं बघणाऱ्याचं मीठ होतं."

तीन महिन्यांत भाऊजींशी कामावाचून बोललेलं हे पहिलं वाक्य. भाऊजींना हसू फुटलं, डोळ्यांतून पाणी, खांद्यावर काच. "हसू नका!" त्या ओरडल्या. "काच आहे!"

काच बसली. आत इतका उजेड आला की बाकांवरची धूळ दिसायला लागली आणि झाडणारी बाई ओशाळली. जाऊबाई शेवटच्या बाकावर बसल्या. पाळक जवळ जाऊन म्हणाले, "काकू, राग गेला का?"

"सगळा नाही. उरलेला घेऊनच आलेय." मग भाऊजींकडे न बघता म्हणाल्या, "ह्यांनी एकदा मला विचारलं होतं, परमेश्वर काच आहे का म्हणून. नाही. काचेवर रागावून बघितलंय मी, तिला काही फरक पडत नाही. ह्याच्यावर रागावता येतं. पण उज्जाचं मला अजून पटलेलं नाही. वर गेले की आधी तेच विचारणार आहे."

त्या विचारायला गेल्या, त्याला आता बरेच दिवस झाले. डाव्या हातानं पुढं कितीतरी वर्षं काचा कापल्या त्यांनी. मग एका सकाळी झोपेतच गेल्या. मयत न्यायला चर्चची गाडी आता मोटारीची झाली होती, काळी, आत गादी असलेली. पाळकही आता पिकलेले होते. गाडी दारात आली, तर भाऊजी काठी टेकत बाहेर आले आणि पहिल्यांदाच आयुष्यात कुणाला तरी नाही म्हणाले.

"गाडी नको. खांद्यावर."

कुणी कारण विचारलं नाही. पेटी खांद्यांवर उचलली. रस्ताभर माणसं उभी होती. कोपऱ्यावर, गटाराच्या त्याच झाकणापाशी, पुढच्या माणसाचा पाय मुडपला आणि पेटी एकदम कलली.

त्या गल्लीतल्या प्रत्येकाला जाऊबाईंनी पढवलेलं होतं. पडणारी वस्तू दिसली की लहान पोराचेसुद्धा हात वर जायचे. पण एकाचाही हात वर गेला नाही. पाळकांचा नाही, झाडणाऱ्या बाईचा नाही, पोस्टमनचा नाही, माझा नाही. सगळे हात पुढं आले. पेटी दिसेनाशी झाली इतके हात. भाऊजींनी काठी टाकली होती आणि दोन्ही तळवे खालून लाकडाला लावले होते.

पेटी सरळ झाली. आम्ही सगळे तसेच उभे राहिलो, एकमेकांकडे बघत, आपल्याच हातांकडे बघत. कुणालाच काही झालं नव्हतं.

"ओरडली असती," भाऊजी म्हणाले.